एक दिवस अंगावर, दोन दिवस विसाव्याला

काल रात्री फोनवर तू विचारलंस, "मामा, थंडी पडली की ऑफिसातली जुनी माणसं राखाडी मऊ पँट घालून येतात. ते फ्लॅनेलच ना? मीही एक घेऊ का?" मी 'घे' म्हणालो आणि फोन ठेवला. मग झोप लागेना. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून कापडाचं शिक्षण घेऊन मी १९७४ साली इंग्लंडातल्या हडर्सफील्डला आलो आणि निवृत्त होईपर्यंत लोकरीच्या गिरणीत, फिनिशिंग खात्यात होतो. हजारो वार फ्लॅनेल माझ्या हाताखालून गेलं. एवढं करून सख्ख्या भाच्याला नुसतं 'घे' म्हणायचं? म्हणून हे लिहितोय. दुकानात पाय ठेवण्याआधी वाच.

नाव एक, कापडं दोन

तुझी पणजी 'फलालीन' म्हणायची ते तान्ह्या बाळाच्या अंगड्याचं कापड सुती. लाकूडतोड्याचा म्हणतात तो चौकड्यांचा जाड शर्टही सुतीच. कापसाच्या कापडाला घासून लव काढली की त्यालाही फ्लॅनेल म्हणतात. आपण बोलतोय ते लोकरीचं. वेल्श भाषेत लोकरीला 'ग्वलान' म्हणतात आणि फ्लॅनेल हा शब्द त्यावरूनच आला असं मानतात.

लोकरीतही दोन जाती आहेत, आणि दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न तोच: वूलन की वर्स्टेड? वूलनमध्ये लोकर पिंजतात, तंतू वाटेल तसे आडवेतिडवे राहतात, सूत फुगीर येतं. वर्स्टेडमध्ये लोकर विंचरतात, आखूड तंतू गळून जातात, लांब तंतू एका दिशेला बसतात आणि सूत गुळगुळीत, पिळदार येतं. आजोळच्या माडीवर धनगराकडून घेतलेली घोंगडी होती, आठवते? तीही पिंजलेल्या लोकरीचीच. ती टोचते आणि फ्लॅनेल टोचत नाही, कारण फ्लॅनेलची लोकर बारीक असते आणि विणून झाल्यावर त्याच्यावर पुष्कळ संस्कार होतात.

ते संस्कार म्हणजेच फ्लॅनेल. मागावरून उतरलेलं कापड ओळखूही येत नाही, इतकं ते विरळ आणि राठ असतं. मेंडिंग खात्यातल्या बायका ते उजेडात धरून प्रत्येक गाठ काढायच्या, तुटलेला धागा सुईनं पुन्हा भरायच्या. मग धुलाई. मग मिलिंग: साबणाच्या कोमट पाण्यात कापड दाबून, मळून आटवायचं. रुंद थान आटत आटत दीड मीटरवर येतं, तंतू एकमेकांत गुंततात आणि विणीवर धुकं पसरावं तशी लव येते. शेवटी ती उचलून, कातरून सारखी करायची. कच्चं कापड सकाळी आत जायचं आणि बाहेर यायचं तेव्हा हात फिरवायचा मोह आवरत नसे. इतक्या वर्षांत तो कधीच ओसरला नाही.

वूलन फ्लॅनेल जास्त मऊ आणि ऊबदार, पण नाजूक. वर्स्टेड फ्लॅनेल जरा सपाट, पण क्रीज धरतं आणि जास्त टिकतं. तू रोज ट्रेननं जातोस. पहिली पँट वर्स्टेडची घे, वूलनचं सुख दुसऱ्या पँटला.

आधी मूठ, मग किंमत

कापडाचा कोपरा मुठीत घट्ट आवळ, दहा आकडे मोज आणि सोड. चांगलं फ्लॅनेल हळूहळू उलगडतं आणि सुरकुती मावळते. चुरगाळा तसाच राहिला तर पुढं जा. मग कापड उजेडासमोर धर. विरळ जाळी दिसता कामा नये. अंगठ्यानं एकाच जागी वीसेक वेळा घास. लव गोळा होऊन बोंडं यायला लागली तर ती पँट दुसऱ्या महिन्यात मांड्यांच्या आत झिजेल. शेवटी आतलं लेबल वाच. शंभर टक्के लोकर हवी. पॉलिएस्टर मिसळलं की कापड स्वस्त होतं, पण त्याला एक चमक येते आणि फ्लॅनेलची सारी शोभा चमक नसण्यात आहे.

राखाडी रंगही निरखून बघ. चांगल्या फ्लॅनेलमध्ये सूत कातण्याआधीच काळी, पांढरी आणि करडी लोकर मिसळलेली असते. जवळून पाहिलं तर एका राखाडीत चार राखाड्या दिसतात. विणून झाल्यावर एकाच रंगात बुडवलेलं कापड सपाट दिसतं, पाटीसारखं.

घरबसल्या मागवणार असशील तर आधी कापडाचा तुकडा मागव. वेल्समधल्या न्यूटाउन गावच्या प्राइस जोन्सनं एकोणिसाव्या शतकातच टपालानं वेल्श फ्लॅनेल विकायला सुरुवात केली होती. राणी व्हिक्टोरिया आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्याची गिऱ्हाइकं. पण बोटांना जे कळतं ते चित्रात दिसत नाही.

गिरणीचं नावही विचार. सॉमरसेटमधल्या वेलिंग्टन गावची फॉक्स ब्रदर्स १७७२ पासून चालू आहे आणि फ्लॅनेल म्हटलं की इंग्लंडातले शिंपी आधी तिचं नाव घेतात. पहिल्या महायुद्धात सैनिक पोटऱ्यांना लोकरीच्या पट्ट्या गुंडाळायचे, त्या या गिरणीनं मैलोन्‌मैल विणल्या. त्यांचं इंग्रजी नाव 'पटी', आणि ते आपल्या 'पट्टी'वरूनच गेलेलं. या गिरणीचं कापड महाग आहे. तरी एकदा हात लावून ये, म्हणजे पुढं जे घेशील ते कशाशी ताडून बघायचं ते कळेल.

वजन विचारायला लाजू नको

लोकरीचं कापड वजनावर ओळखतात: एक मीटर लांब, पूर्ण रुंदीचा तुकडा किती ग्रॅम भरतो. जुनी माणसं वाराला किती औंस ते सांगतील. वाराला एक औंस म्हणजे मीटरला साधारण ३१ ग्रॅम धर. २८० ग्रॅमचं फ्लॅनेल हलकं, नाजूक. ३४० ते ३७० ग्रॅम, म्हणजे ११-१२ औंस, तुझ्या गरम केलेल्या ऑफिसला योग्य. ४०० ग्रॅमच्या पुढचं कापड उघड्यावर चालणाऱ्यांसाठी. नवखा माणूस हलकं मागतो. तसं करू नको. वजन असलं की पँट पायावरून सरळ पडते, गुडघ्याला कमी फुगते आणि वर्षानुवर्षं चालते.

आधी पँट, तीही मधल्या राखाडीची

पहिल्या खेपेला सूट घेऊ नको. एक पँट घे, मधल्या राखाडीची. कोळशासारखी गडद नको आणि राखेसारखी फिकटही नको. गडद निळ्या ब्लेझरखाली ती चालते, तपकिरी ट्वीडच्या जाकिटाखाली चालते, नुसत्या स्वेटरखालीही चालते. एवढी उपयोगी पँट दुसरी नाही. दुसरी घेशील तेव्हा गडद राखाडी घे.

तू क्रिकेटवेडा, म्हणून आधीच सांगतो. १९३२ साली नागपूरचे सी. के. नायडू भारताचा पहिला कसोटी सामना खेळायला संघ घेऊन लॉर्ड्सवर उतरले, तेव्हा क्रिकेटची पँट फ्लॅनेलचीच असे. इंग्रजीत तिला नुसतं 'फ्लॅनेल्स' म्हणत. सायीच्या रंगाची तशी पँट दिसली की तुझा हात तिकडं जाईल. ती मैदानाची आणि उन्हाळ्याची. ऑफिसच्या थंडीत, चिखलात तिचे हाल होतात.

सूट पुढच्या वर्षी. तेव्हा गडद राखाडी घे, आणि मन झालंच तर खडूच्या रेघेचा. फ्लॅनेलवर ती रेघ लवेमुळं पुसट होते, पाटीवर खडू ओढल्यासारखी दिसते, आणि ती शोभते ती फ्लॅनेलवरच. १९५५ साली अमेरिकेत राखाडी फ्लॅनेलचा सूट घालणाऱ्या माणसावर कादंबरी आली, पुढच्या वर्षी ग्रेगरी पेकचा चित्रपट आला आणि तो सूट म्हणजे तिथल्या नोकरदाराची खूणच होऊन बसला. सूट शिवताना एका जाकिटाबरोबर दोन पँटी शिवून घे. जाकीट टिकतं, पँट आधी जाते, आणि नंतर त्याच रंगाचं कापड मिळत नाही.

मोकळी शिव, आत माया ठेव

फ्लॅनेल पायाला चिकटवून शिवू नये. लव लवेला घासते, चालताना कापड मांडीला धरतं, गुडघा ताणला जातो. कंबर बेंबीजवळ येईल एवढी उंच ठेव, पुढं एक किंवा दोन चुण्या घाल, मांडीत हवा खेळू दे. पायाच्या टोकाला चार-साडेचार सेंटिमीटरची दुमड ठेव, टर्न-अप. त्या वजनानं कापड खाली ओढलं जातं आणि पँट डौलदार पडते. पुढच्या बाजूला गुडघ्याच्या खालपर्यंत अस्तर लावून घे. लोकर पायाला घासणार नाही आणि गुडघा आपला आकार धरून राहील. पट्ट्याऐवजी खांद्यावरचे गॅलिस जमले तर बघ. फ्लॅनेलला वरून लटकायला आवडतं.

आणि शिंप्याला एक गोष्ट आवर्जून सांग: मागच्या शिवणीत माया भरपूर ठेवा. आपल्याकडं शिवणीत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला माया म्हणतात, हे इथल्या शिंप्याला कळणार नाही, पण बोटांनी दाखवलंस की समजेल. माणूस वाढतो, आकसतो. माया असली की पँट त्याच्याबरोबर राहते.

जुन्या कपड्यांच्या धर्मादाय दुकानात कधी फ्लॅनेल दिसलं तर हेच उलटून बघ. शिवणीत माया किती उरली आहे, मांड्यांच्या आत कापड विरलं आहे का, गुडघा उजेडात धरल्यावर जाळी दिसते का. हे तिन्ही ठीक असेल तर बिनधास्त घे. एखाददुसऱ्या बारीक भोकाला घाबरू नको. लवेच्या कापडात चांगलं रफू दिसत नाही; मेंडिंगच्या बायकांची सगळी दुरुस्ती तर मिलिंगमध्ये पार विरघळून जायची.

चकचकीत काही जवळ येऊ देऊ नको

फ्लॅनेल उजेड पिऊन घेतं. त्याच्याशेजारी साटीनचा टाय किंवा आरशासारखे बूट ठेवलेस तर दोघंही वाईट दिसतात. सोबती खरखरीत निवड: ऑक्सफर्ड विणीचा सुती शर्ट, विणलेला किंवा लोकरीचा टाय, शेटलँड लोकरीचा स्वेटर, तपकिरी स्वेडचे बूट. रेशमी टाय हवाच असेल तर मॅडर छपाईचा मंद रंगाचा घे. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेचीच बहीण. मूळचा तो रंग त्या झाडाच्या मुळ्यांतून यायचा. रंग दोनच ठेव, फार तर तीन.

एक दिवस अंगावर, दोन दिवस विसाव्याला

बाकी सगळं विसरलास तरी हे विसरू नको.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडं एकच फ्लॅनेलची पँट होती आणि ती मी महिनाभर रोज घातली. गुडघे फुगले, बसायच्या जागी कापड सपाट झालं, लव उडाली. खात्यातल्या म्हाताऱ्या फोरमननं एक दिवस मला बाजूला नेऊन शांतपणे समजावलं: लोकर जिवंत होती, तिला अजून झोप लागते. त्याचा अर्थ मला पुढं कामातून कळला. लोकरीच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो. दिवसभर ताणला गेलेला तंतू हवेतला ओलावा शोषून हळूहळू पुन्हा मूळ वळणावर येतो. आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा लोकर पिते आणि तरी हाताला ओली लागत नाही. पण त्याला वेळ हवा. एक रात्र पुरत नाही. दोन पँटी असा विसावा देत आळीपाळीनं घातल्यास तर त्या एकामागून एक झिजवलेल्या दोन पँटींपेक्षा कितीतरी जास्त वर्षं चालतील.

घरी आल्यावर एवढं कर. खिसे रिकामे कर. फोन आणि किल्ल्यांच्या भारानं कापड कायमचं ओघळतं. पँट झटक. केसाळ ब्रश घे, आधी लवेविरुद्ध आणि मग लवेच्या दिशेनं हलक्या हातानं फिरव. दिवसभराची धूळ तंतूंत बसू दिली तर ती आतून कातरत राहते. मग पँट पायांकडून क्लिपच्या हँगरला उलटी टांग. तिच्याच वजनानं सुरकुत्या निघतील. खुंटीवर कधीही अडकवू नको, खुर्चीच्या पाठीवर टाकू नको. आणि बसताना दोन्ही मांड्यांवरचं कापड चिमटीत धरून इंचभर वर घे. तुझे आजोबा धोतराला जसं सांभाळून बसायचे, तसं. सायकल चालवायची असेल त्या दिवशी दुसरी पँट.

फोडणी, पाऊस आणि इस्त्री

तुझ्या त्या एका खोलीच्या घरात स्वयंपाकाचा ओटा आणि कपाट यांच्यात चार पावलं आहेत. हिंग-मोहरीची फोडणी घालण्याआधी कपाटाचं दार लाव. लव वास धरून ठेवते आणि ऑफिसात तो आधी दुसऱ्यांना येतो. आलाच तर धुवायला धावू नको. खिडकीत एक रात्र मोकळ्या हवेत टांग, बहुतेक वेळा जातो.

पावसात भिजलास तर झटकून टांग, हीटरपासून लांब. चिखल उडाला तर ओल्यात पुसू नको, आत जाईल. वाळू दे, मग ब्रशनं झाड, पीठ झटकावं तसा पडेल.

धुलाई यंत्रात फ्लॅनेल घालायचं नाही, कधीच. गरम पाणी, साबण आणि घुसळण म्हणजे पुन्हा मिलिंगच. पँट तुझ्या सात वर्षांच्या बहिणीला येईल. ड्रायक्लीनिंग हंगामात एकदा, फार तर दोनदा. क्रीज गेली तर इस्त्री लोकरीच्या खुणेवर ठेव, वर ओलं सुती फडकं अंथर, इस्त्री उचलून उचलून दाब. ओढू नको. थेट लोखंड लागलं की कापडाला जी चमक येते ती परत जात नाही.

कसर

एप्रिलमध्ये फ्लॅनेल कपाटात जाईल आणि तेव्हाच खरा धोका असतो. एका वर्षी मी पँट ड्रायक्लीन न करता ठेवली. पुढच्या ऑक्टोबरात काढली तर मांडीवर रुपयाएवढं भोक. जिथं आमटीचा थेंब सांडला होता नेमकं तिथं. कसरीच्या अळ्या लोकर खातात, पण घामाचा आणि अन्नाचा डाग असला की आधी तिथं लागतात. म्हणून ठेवण्याआधी ड्रायक्लीन करायचंच. मग कोरड्या सुती पिशवीत, प्लास्टिकमध्ये नको. आई वेखंडाचे तुकडे ठेवायची, मीही ठेवतो. डांबरगोळ्यांचा वास लवेतून आठवडेच्या आठवडे जात नाही, म्हणून त्या टाळ. पण खरं रक्षण स्वच्छतेचं आणि महिन्यातून एकदा काढून झटकण्याचं आहे. शंका आलीच तर पँट हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नको, नाहीतर कापडावर पाणी सुटेल.

पुण्याला नेऊ नको

दिवाळीला घरी जाताना सगळ्यांना दाखवायला ती पँट बॅगेत भरशील. भरू नको. मुंबईत ती अंगावर घालवणार नाही. पुण्यात डिसेंबरातल्या दोन-चार पहाटेंपुरती ठीक, आणि पावसाळ्यात तिकडं राहिली तर बुरशी धरेल. प्रत्येक कापडाचं एक हवामान असतं. तिकडं जाताना सुती घाल, इकडं आलास की हे.

आता शेवटचं. शनिवारी तुला एक पार्सल येईल. १९८१ साली रजेवर जाताना मी आमच्याच गिरणीचं सव्वा मीटर मधलं राखाडी फ्लॅनेल नेलं होतं आणि लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीतल्या मास्तरांकडून पँट शिवून घेतली होती. वर्स्टेड, ३७० ग्रॅम. डाव्या मांडीवर एक रफू आहे, कुठं ते तुला सांगावं लागेल. मास्तर म्हणाले होते, "साहेब, तुम्ही भराल, म्हणून दोन इंच माया ठेवलीय." मी भरलो नाही. कंबरेला तू माझ्याहून दीड इंचानं मोठा आहेस, मागच्या खेपेला मी नजरेनं मोजलं.

पार्सल उघडलंस की लगेच घालू नको. ब्रश कर, उलटी टांग आणि दोन दिवस तशीच राहू दे.